दात गेलेल्या जागी इम्प्लांट बसवावे का? सीमाभागातील वाचकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

दाढ काढून दोन-तीन वर्षे झालेली असतात. सुरुवातीला त्या बाजूने चावणे टाळले जाते, पुढे त्याचीही सवय होते, आणि मग एखाद्या दिवशी ज्वारीची भाकरी किंवा भाजलेल्या शेंगा खाताना दुसऱ्या बाजूची दाढही ठणकू लागली, की आता काहीतरी केले पाहिजे असे वाटू लागते. बेळगाव शहरात, निपाणीत, चिकोडीत इम्प्लांटच्या पाट्या आता सर्रास दिसतात, त्यामुळे माणूस दवाखान्यात शिरतो तो थेट "एका दाताला किती पडतील?" असे विचारतच. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आपले हाड, आपल्या हिरड्या, आपली साखर, आपली तंबाखू आणि पुढची वीस वर्षे त्या दाताची निगा राखण्याची आपली तयारी, या गोष्टी आधी तपासल्या तर खर्चाचा प्रश्न पुष्कळदा वेगळ्याच स्वरूपात समोर येतो.

मी दंतवैद्य नाही. माझी आई खानापूर तालुक्यातील आमच्या गावी राहते. तिची खालची कवळी हलू लागली तेव्हा मी तिला एका दवाखान्यात घेऊन गेलो. तेथे एक मोठा एक्स-रे काढून पंधरा मिनिटांत सहा इम्प्लांटचा सल्ला मिळाला आणि पुढच्या सोमवारची वेळही ठरली. आई अकरा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेते, हे तोपर्यंत कोणी विचारलेच नव्हते. परतीच्या बसमध्ये आईच म्हणाली, "शुगर बघितल्याबिगर स्क्रू कशाला बसवायल्यात?" तिची शंका रास्त होती. पुढच्या वर्षभरात निरनिराळ्या दवाखान्यांत आणि शिकाऊ रुग्णालयात बसून, विचारून, वाचून जे कळले ते येथे क्रमाने मांडतो आहे. तपासणीची जागा हा लेख घेऊ शकत नाही, मात्र तपासणीला जाताना काय सोबत न्यावे आणि काय विचारावे, हे यातून नक्की कळेल.

आधी इम्प्लांट म्हणजे काय ते नीट समजून घ्यावे

इम्प्लांट म्हणजे दात नव्हे, ते दाताचे कृत्रिम मूळ आहे. बहुधा टायटॅनियम धातूचा, साधारण साडेतीन ते पाच मिलिमीटर जाडीचा आणि आठ ते तेरा मिलिमीटर लांबीचा स्क्रू जबड्याच्या हाडात बसवतात. हाड त्याच्याशी एकजीव झाले की त्यावर एक जोडतुकडा आणि त्यावर दिसणारी कॅप, असे एकूण तीन भाग असतात. दवाखान्यात ‘इम्प्लांटचा दर’ सांगतात तेव्हा तो तिन्ही भागांचा आहे की फक्त स्क्रूचा, हे विचारण्याची आठवण येथेच करून ठेवावी.

हाड टायटॅनियमला परके न मानता त्याच्याशी घट्ट जुळते, ही गोष्ट स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क या संशोधकाच्या लक्षात १९५० च्या दशकात आली, ती सशाच्या पायाच्या हाडावर प्रयोग करताना. माणसाच्या जबड्यात असा पहिला उपचार त्यांनी १९६५ मध्ये केला. म्हणजे हा उपचार नवखा नाही. योग्य रुग्णात बसवलेले इम्प्लांट दहा वर्षांनंतरही शंभरातील नव्वदहून अधिक वेळा टिकलेले असते. या वाक्यातला ‘योग्य रुग्णात’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण उरलेला सगळा लेख त्याच शब्दाविषयी आहे.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक नाजूक थर असतो, आणि त्याच्यामुळे भातातला खडा दाताखाली आला की आपण तत्क्षणी चावणे थांबवतो. इम्प्लांटभोवती असा थर नसतो. त्यामुळे त्याला दाबाची जाणीव कमी असते आणि जास्त जोर पडला तरी तो वेळीच कळत नाही. रात्री झोपेत दात करकर खाण्याची सवय असलेल्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी, कारण अशा वेळी कॅपची रचना बदलावी लागते आणि रात्री दातांवर घालायचे संरक्षक आवरणही घ्यावे लागते.

पहिली पायरी: हा दात भरून काढणे गरजेचे आहे का?

प्रत्येक गेलेल्या दाताची जागा भरलीच पाहिजे असे नाही. अक्कलदाढ काढली असेल तर तेथे काहीही बसवायचे नसते. सर्वांत मागची दाढ गेली असेल, समोरासमोरच्या पुरेशा दाढा शिल्लक असतील आणि जेवताना अडचण होत नसेल, तर जागा तशीच ठेवून लक्ष ठेवणे हाही प्रामाणिक सल्ला असू शकतो. मधली दाढ गेली असेल तर मात्र गोष्ट वेगळी असते. शेजारचे दात हळूहळू रिकाम्या जागेकडे कलतात आणि समोरच्या जबड्यातला दात त्या फटीत खाली किंवा वर सरकतो, आणि मग काही वर्षांनी जागा भरायची म्हटली तरी ती पुरत नाही. पुढचे पटाशीचे दात गेले असतील तर बोलणे आणि चेहरा दोन्हींचा प्रश्न असतो.

दात का गेला, हेही या पायरीवर लिहून काढावे. कीड लागून गेला, अपघातात तुटला, की हलायला लागून आपोआप पडला? जो दात हलून पडला, त्याच्या मागे बहुधा हिरडीचा आजार असतो, आणि तोच आजार इम्प्लांटलाही सोडत नाही.

दुसरी पायरी: घरीच बसून आजारांची आणि औषधांची यादी करावी

ही यादी कागदावर करावी, आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसह पिशवीत घालून न्यावी. ‘बीपीची एक पांढरी गोळी’ एवढ्या वर्णनाने कोणत्याही डॉक्टरांना काही कळत नाही.

मधुमेह असणे म्हणजे इम्प्लांट अशक्य, असा अर्थ नाही. साखर ताब्यात नसणे ही खरी अडचण आहे, कारण तशा अवस्थेत जखम उशिरा भरते, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि हाड स्क्रूशी नीट जुळत नाही. त्या दिवशीची उपाशीपोटीची साखर पाहून भागत नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी करून घ्यावी. ती ७ च्या आसपास किंवा त्याखाली असेल तर सहसा पुढे जाता येते, आणि ८ च्या वर असेल तर घाईची नसलेली शस्त्रक्रिया थांबवून आधी साखर आटोक्यात आणणे शहाणपणाचे असते. आईची ती ९.४ निघाली. ती खाली यायला पाच महिने लागले, आणि त्या पाच महिन्यांत तिचे काहीही नुकसान झाले नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट हाडांच्या औषधांची आहे, आणि तिच्याविषयी आपल्याकडे फार कमी बोलले जाते. हाडे ठिसूळ झाल्यामुळे अनेक वयस्कर स्त्रियांना अ‍ॅलेंड्रोनेटसारखी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी, झोलेड्रोनिक अ‍ॅसिडचे वर्षातून एकदा द्यायचे इंजेक्शन किंवा डेनोसुमॅबचे सहा महिन्यांनी द्यायचे इंजेक्शन चालू असते. या औषधांमुळे क्वचित प्रसंगी जबड्यातली जखम भरत नाही आणि हाडाचा तुकडा मृत होतो. हाडांच्या ठिसूळपणासाठी गोळ्या घेणाऱ्यांत हा धोका कमी असतो, पण औषध जितकी वर्षे चालू असेल तितका तो वाढतो. कर्करोग हाडात पसरल्यामुळे ज्यांना ही इंजेक्शने मोठ्या मात्रेत आणि वारंवार दिली जातात, त्यांना इम्प्लांटचा सल्ला दिला जात नाही. वर्षातून एकदाच घेतलेले इंजेक्शन रुग्णाच्या लक्षातच राहत नाही, म्हणून घरातल्या माणसांनी जुनी कागदपत्रे चाळून पाहावीत.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. अ‍ॅस्पिरिन सहसा थांबवावी लागत नाही, वॉरफेरिन असेल तर आधी रक्ततपासणी लागते, आणि कोणताही बदल हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच करायचा असतो. हृदयात कृत्रिम झडप बसवली असेल तर आधी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात नुकताच येऊन गेला असेल तर काही महिने थांबावे. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगासाठी जबड्यावर किरणोपचार झाले असतील तर हा निर्णय साध्या दवाखान्यात न घेता, कर्करोगाचे डॉक्टर आणि मुखशल्यचिकित्सक यांनी मिळून घ्यावा. गर्भवती स्त्रियांनी बाळंतपणानंतरच विचार करावा.

वयाविषयी दोन शब्द. जबड्याची वाढ पूर्ण होण्याआधी, म्हणजे साधारण अठरा वर्षांपर्यंत आणि काहींच्या बाबतीत त्यानंतरही काही काळ, इम्प्लांट बसवत नाहीत, कारण शेजारचे दात वाढीबरोबर सरकतात आणि इम्प्लांट मात्र जागच्या जागी राहून आत दबल्यासारखे दिसू लागते. सायकलवरून पडून पुढचा दात गमावलेल्या शाळकरी मुलाला तोपर्यंत तात्पुरता दात लावून देता येतो. वरच्या वयाला मर्यादा नाही.

तिसरी पायरी: तंबाखू, सुपारी आणि मिश्री

या पायरीवर मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण आपल्या भागात सर्वाधिक इम्प्लांटचे भवितव्य येथेच ठरते. निपाणीच्या तंबाखूवर आणि विडीवर या परिसरातील अनेक पिढ्यांचा संसार चालला, त्यामुळे तंबाखू आपल्या घरांत परकी नाही. पुरुषांची विडी आणि चुना-तंबाखू सर्वांना दिसते, पण बायकांची मिश्री कोणाच्या हिशेबातच येत नाही. दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले की मिश्री लावणारी बाई मनापासून ‘नाही’ म्हणते, कारण तिच्या दृष्टीने ती दात घासते. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे. ती दिवसातून तीन-चार वेळा हिरडीवर चोळली जाते, आणि नेमकी तीच हिरडी पुढे इम्प्लांटला सांभाळणार असते. माझ्या आईनेही पहिल्यांदा ‘नाही’ असेच उत्तर दिले होते.

धूम्रपान करणाऱ्यांत इम्प्लांट अयशस्वी होण्याचे प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असते. धुरामुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरायला वेळ लागतो आणि पुढे इम्प्लांटभोवतीचे हाड झिजण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे आणि नंतर हाड जुळेपर्यंत तरी तंबाखू पूर्ण बंद हवी. ‘दिवसाला दोनच विड्या’ ही तडजोड रुग्णाच्या समाधानापुरती आहे, हाडाला तिचा उपयोग नाही. ज्याला एवढे महिने ती सोडता येणार नाही असे स्वतःलाच वाटते, त्याने तूर्त काढता-घालता येणारे दात घ्यावेत. त्यात कमीपणा काही नाही, आणि पैसा वाया जात नाही.

गुटखा, मावा आणि नुसती सुपारी खाणाऱ्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा ताठ होत जाते आणि तोंड उघडणे कमी होते. आरशासमोर उभे राहून आपली तीन बोटे, तर्जनी, मधले आणि अनामिका, उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहावीत. तिन्ही बोटे सहज जात असतील तर तोंड पुरेसे उघडते. दोनच जात असतील तर मागच्या दाढेपाशी शस्त्रक्रियेची उपकरणे पोहोचणेच कठीण असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही अवस्था कर्करोगाच्या आधीची मानली जाते. गालात, जिभेखाली किंवा हिरडीवर न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट खाल्ल्यावर होणारी आग, यांपैकी काहीही असेल तर इम्प्लांटचा विचार बाजूला ठेवून आधी त्या चट्ट्याची तपासणी करून घ्यावी. दाताच्या निमित्ताने तोंड उघडून दाखवले आणि गंभीर आजार लवकर सापडला, असे घडले तर त्या भेटीचे सार्थक झाले असेच मी म्हणेन.

चौथी पायरी: उरलेल्या दातांची आणि हिरड्यांची अवस्था

ब्रश करताना रक्त येते का, तोंडाला वास येतो का, दात लांब झाल्यासारखे दिसतात का, एखादा दात हलतो का, हे स्वतः पाहता येते. हिरडीचा आजार चालू असताना इम्प्लांट बसवणे म्हणजे वाळवी लागलेल्या घरात नवा खांब रोवणे आहे. आधी दातांची स्वच्छता, हिरड्यांचे उपचार, किडलेल्या दातांचे रूट कॅनल किंवा भरणी, आणि वाचू न शकणारे दात काढणे, एवढे सगळे उरकून दोन-तीन महिने हिरड्या निरोगी राहतात का ते पाहावे. एखादे डॉक्टर ही तयारी न करता थेट इम्प्लांटची तारीख देत असतील, तर दुसरे मत घ्यावे.

पाचवी पायरी: हाड पुरेसे आहे का?

दात काढला की त्याच्याभोवतीच्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागते. ही झीज पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होते, आणि उंचीपेक्षा रुंदी जास्त घटते. म्हणून दहा वर्षांपूर्वी काढलेल्या दाढेच्या जागी हाड उरले असेलच असे गृहीत धरू नये, आणि दात काढायचा असेल तेव्हाच पुढे काय करायचे याविषयी विचारून ठेवावे.

संपूर्ण जबड्याचा सपाट एक्स-रे, ज्याला सगळे ओपीजी म्हणतात, तो पहिल्या अंदाजासाठी ठीक आहे. त्यात हाडाची उंची दिसते, रुंदी दिसत नाही. रुंदीसाठी सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन लागतो. स्कॅन पडद्यावर उघडून डॉक्टरांनी तीन गोष्टी दाखवाव्यात, असा आग्रह धरावा.

पहिली म्हणजे हाडाची रुंदी. चार मिलिमीटर जाडीच्या स्क्रूला दोन्ही बाजूंना हाडाची भिंत उरायला हवी, म्हणून सहा मिलिमीटर किंवा त्याहून अधिक रुंदी बरी. दुसरी, खालच्या जबड्यात दाढांच्या खालून जाणारी नस. स्क्रूचे टोक आणि ही नस यांच्यात किमान दोन मिलिमीटर अंतर ठेवतात. नस दुखावली तर खालचा ओठ आणि हनुवटी बधिर राहू शकते, कधी कायमची. तिसरी, वरच्या दाढांच्या वर असलेली हवेची पोकळी, म्हणजे सायनस. ती खाली उतरलेली असेल तर तिचा पडदा उचलून खाली हाडाची भर घालावी लागते. याशिवाय शेजारच्या दातापासून सुमारे दीड मिलिमीटर आणि दोन इम्प्लांटमध्ये तीन मिलिमीटर जागा लागते.

हाड कमी असेल तर त्यावर भर घालता येते, मात्र त्याने खर्च, वेळ आणि जोखीम तिन्ही वाढतात. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भर घालण्यासाठी वापरायची पूड आणि तिच्यावर घालायचा पडदा पुष्कळदा गायीच्या किंवा डुकराच्या शरीरापासून तयार केलेला असतो. आपल्या भागात हिंदू, जैन, लिंगायत, मुसलमान अशी सर्वच घरे आहेत आणि अनेकांना हे आधी कळणे आवश्यक वाटेल. पदार्थ कशापासून बनला आहे हे स्पष्ट विचारावे. संपूर्ण कृत्रिम किंवा स्वतःच्याच हाडाचा पर्यायही असतो.

सहावी पायरी: इम्प्लांटशिवायचे पर्याय मनापासून तपासावेत

एकच दात गेला आहे, शेजारचे दोन्ही दात धडधाकट आहेत आणि हाड पुरेसे आहे, अशा वेळी इम्प्लांट उत्तम, कारण ब्रिजसाठी, म्हणजे शेजारच्या दोन दातांच्या आधाराने मधला कृत्रिम दात कायमचा बसवण्यासाठी, ते दोन चांगले दात घासून बारीक करावे लागतात. उलट शेजारच्या दातांवर आधीच कॅप असेल किंवा मोठी भरणी झाली असेल, तर ब्रिज हा अधिक समंजस पर्याय ठरतो. तो काही आठवड्यांत पूर्ण होतो, शस्त्रक्रिया लागत नाही आणि चांगली निगा राखल्यास दहा-पंधरा वर्षे चालू शकतो. ब्रिजच्या खालून धागा किंवा बारीक ब्रश फिरवून स्वच्छता करावी लागते, तेवढे मात्र रोज जमले पाहिजे.

काढता-घालता येणारे दात स्वस्त असतात, त्यांची दुरुस्ती सोपी असते आणि पुढे आणखी एखादा दात गेला तर तो त्यातच जोडता येतो. चावण्याची ताकद कमी मिळते आणि सुरुवातीला तोंडात परके वाटते, हे खरे आहे.

ज्यांचे सगळेच दात गेले आहेत त्यांच्यासाठी वरची कवळी बहुधा समाधानकारक बसते, कारण टाळूला चिकटून तिला पकड मिळते. खालची कवळी मात्र जीभ आणि गाल सतत हलवत असतात, आणि हाड झिजलेले असेल तर तिला थारा राहत नाही. अशा माणसाला खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवून त्यावर खटकन बसणारी कवळी देता येते. पुढच्या भागातले हाड पुष्कळदा शिल्लक असते आणि तेथे ती मोठी नसही आड येत नाही. आईसाठी शेवटी हेच झाले: सहाऐवजी दोन. तिची कवळी रात्री काढून धुता येते आणि वर्षा-दोन वर्षांनी आतल्या प्लास्टिकच्या कड्या बदलाव्या लागतील, असे आम्हाला आधीच सांगितले गेले. चार किंवा सहा इम्प्लांटवर कायमची दातांची पूर्ण रांग बसवणे हा चांगला उपचार आहे, पण तो प्रत्येकाला लागतोच असे नाही, हे पक्के लक्षात ठेवावे.

‘तीन दिवसांत पक्के दात’ अशा जाहिरातींविषयीही येथेच सांगतो. स्क्रू बसवल्यावर लगेच दात लावणे निवडक रुग्णांत शक्य असते, जेव्हा हाड घट्ट असते आणि स्क्रू सुरुवातीपासूनच हलत नाही. हे सीबीसीटी पाहिल्याशिवाय आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेच्या वेळी पकड मोजल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. म्हणून तपासणीआधी दिलेल्या अशा शब्दावर घरातल्या लग्नाची तारीख पाहून विसंबू नये. लग्न जवळ असेल तर तात्पुरते दात लावून घ्यावेत.

सातवी पायरी: कोणाकडे जावे आणि काय विचारावे

भारतात इम्प्लांट ही एमडीएसची, म्हणजे दंतवैद्यकातील पदव्युत्तर पदवीची, स्वतंत्र शाखा नाही. कृत्रिम दात बसवण्याचे तज्ज्ञ, हिरड्यांचे तज्ज्ञ आणि मुखशल्यचिकित्सक, हे तिघेही हे काम करतात आणि प्रशिक्षण घेतलेले सामान्य दंतवैद्यही करतात. त्यामुळे पाटीवरच्या ‘इम्प्लांट तज्ज्ञ’ या शब्दापेक्षा मूळ पदवी, कर्नाटक राज्य दंत परिषदेची नोंदणी आणि आपल्यासारख्या किती रुग्णांवर उपचार केला, हे विचारणे अधिक उपयोगाचे. स्क्रू कोण बसवणार आणि कॅप कोण करणार, हेही विचारावे. काही दवाखान्यांत शस्त्रक्रियेपुरते बाहेरचे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. त्यात गैर काही नाही, पण मध्येच सूज आली तर कोण पाहणार, याचे उत्तर आधी मिळाले पाहिजे.

बेळगावात केएलईची व्ही. के. दंतविज्ञान संस्था आणि मराठा मंडळाचे नाथाजीराव हलगेकर दंतविज्ञान महाविद्यालय, अशी दोन दंत महाविद्यालये आहेत. शिकाऊ रुग्णालयात निरनिराळ्या शाखांचे तज्ज्ञ एका छताखाली भेटतात आणि दर सहसा कमी असतात. तेथे वेळ अधिक द्यावा लागतो आणि फेऱ्या जास्त होतात. निदान दुसऱ्या मतासाठी तेथे जावे, असे मी प्रत्येकाला सुचवतो. आपल्याकडे कोल्हापूर, सांगली-मिरज किंवा गोव्याला जाण्याचीही पद्धत आहे. मोठ्या आजारासाठी ते योग्य असेल, पण इम्प्लांटला सहा-आठ फेऱ्या आणि त्यानंतर आयुष्यभर दर सहा महिन्यांनी एक फेरी लागते, हे मोजून अंतर ठरवावे. खेड्यातून सकाळच्या बसने निघून संध्याकाळच्या बसने परतता येईल, एवढ्या अंतरावरचा दवाखाना मी निवडेन.

संमतिपत्रकाची गोष्ट महत्त्वाची आहे. ते बहुधा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये छापलेले असते. बेळगावातील बहुतेक डॉक्टरांना मराठी उत्तम येते, म्हणून संकोच न करता प्रत्येक ओळ मराठीतून समजावून घ्यावी आणि मगच सही करावी. वयस्कर माणसासोबत कन्नड वाचता येणारे घरचे किंवा शेजारचे कोणी न्यावे. कागदावर किंवा बोलण्यात हल्लु म्हणजे दात, ओसडु म्हणजे हिरडी आणि एलुबु म्हणजे हाड, एवढे शब्द माहीत असले तरी पुष्कळ उलगडा होतो.

आठवी पायरी: आता खर्च आणि वेळ

एका दाताचा खर्च दहा हजारांच्या पटीत जातो आणि कंपनी, हाडाची भर व कॅपचा प्रकार यांनुसार बराच बदलतो. म्हणून लेखी अंदाजपत्रक घ्यावे. त्यात स्कॅन, स्क्रू, जोडतुकडा, कॅप, हाडाची भर, तात्पुरता दात आणि नंतरच्या तपासण्या यांचे आकडे स्वतंत्र असावेत. स्क्रू जुळला नाही आणि काढावा लागला तर पुन्हा बसवण्याचा खर्च कोणाचा, हेही त्यात लिहून घ्यावे. ‘आयुष्यभराची हमी’ ही बहुधा कंपनीकडून धातूच्या स्क्रूपुरती असते, शस्त्रक्रियेची आणि कॅपची नसते. आरोग्य विम्यात अपघाताव्यतिरिक्तचे दंतोपचार सहसा वगळलेले असतात, तेव्हा विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. कर्ज काढून चार इम्प्लांट एकदम करण्यापेक्षा, ज्या दाढेने खरोखर अडते आहे ती आधी करावी, असे मला वाटते.

वेळेचा हिशेब असा: स्क्रू बसवल्यावर खालच्या जबड्यात साधारण दोन-तीन महिने आणि वरच्या, मऊ हाडाच्या जबड्यात चार-सहा महिने हाड जुळण्यासाठी जातात. त्यानंतर माप घेऊन कॅप बसेपर्यंत आणखी दोन-तीन आठवडे. हाडाची भर आधी घालावी लागली तर आणखी काही महिने वाढतात. शेतकरी कुटुंबांनी भात कापणी किंवा ऊसतोडीचा आठवडा सोडून शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी, कारण पहिले चार-पाच दिवस जड ओझे उचलणे टाळायचे असते. त्या दिवसांत थंड किंवा कोमट पेज, मऊ भात, ताक, नाचणीची आंबील असा आहार ठेवावा. टाके सात ते दहा दिवसांनी काढतात.

होकार देण्याआधीची शेवटची खात्री

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीच्या हिरडीला आणि हाडाला आजार होतो, आणि तो पुष्कळदा न दुखता वाढतो. रोज दोनदा ब्रश, दातांमधल्या फटीत बारीक ब्रश आणि दर सहा महिन्यांनी तपासणी, एवढे करण्याची तयारी नसेल तर इम्प्लांट घेऊ नये. हात थरथरणाऱ्या किंवा नीट न दिसणाऱ्या वयस्कर व्यक्तीच्या बाबतीत हे काम घरातले कोण करणार, ते आधीच ठरवावे. आईच्या बाबतीत तिची नात हे काम करते, आणि पहिल्या महिन्यात डॉक्टरांनी तिलाच समोर बसवून ब्रश कसा धरायचा ते शिकवले.

शस्त्रक्रिया झाल्यावर स्क्रूच्या डबीवरचा छापील चिकटकागद मागून घ्यावा. त्यावर कंपनीचे नाव, जाडी, लांबी आणि बॅच क्रमांक असतो. दहा वर्षांनी कॅप सैल झाली, डॉक्टर निवृत्त झाले किंवा आपण मुलाकडे पुण्याला राहायला गेलो, तर त्या नेमक्या कंपनीचा जोडतुकडा शोधण्यासाठी नव्या डॉक्टरांना या कागदाचीच गरज लागते. तो सीबीसीटीच्या प्रतीसह रेशनकार्डाच्या फाइलमध्ये लावून ठेवावा आणि त्याचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये असावा.